फ्लॅशरची टिकटिक आणि फ्रेंच बदक

नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षा अडकली की फ्लॅशरची टिकटिक कानात बसते. जुन्या फ्लॅशरमध्ये धातूची पट्टी असते. ती सावकाश तापते, वाकते, आणि खटकन संपर्क तुटतो. मग सावकाश निवते आणि खटकन जुळते. सुरुवातीला पट्टी गार असो की कोमट, दोन-चार ठोक्यांत ठेका तोच लागतो. गणितात अशा चालीला लिमिट सायकल म्हणतात, मराठीत सीमाचक्र. बदलत्या स्थितीचा प्रवास कागदावर काढला की एक वाट तयार होते. आजूबाजूच्या वाटा फिरून फिरून त्याच वळशाला येऊन मिळतात.

नाव आणि कल्पना फ्रेंच गणिती आंरी प्वांकारेची, 1880च्या दशकातली. समीकरण सुटत नसेल तर राहू दे, वाटा कुठे जातात तेवढं पाहू, हा त्याचा पवित्रा. 1900 साली जर्मन गणिती हिल्बर्टने आपल्या प्रसिद्ध प्रश्नांच्या यादीतल्या सोळाव्या प्रश्नात विचारलं : समीकरणं बहुपदी असतील तर प्रतलात अशी चक्रं जास्तीत जास्त किती?

रेडिओवाल्यांना याची फिकीर नव्हती. आइंडहोव्हनला फिलिप्समध्ये बाल्थाझार वान डर पोल ट्रायोड व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळीच्या) सर्किटवर काम करत होता. 1926मध्ये त्याने ‘रिलॅक्सेशन’ दोलनांवर निबंध लिहिला : बराच वेळ सावकाश सरकणं, मग झटका. त्याला हा प्रकार सगळीकडे दिसू लागला. वाऱ्यात फडफडणारा झेंडा, ताटलीवर करकरणारी सुरी, हृदयाचे ठोके. ही दोलनं म्हणजे प्वांकारेचीच सीमाचक्रं, हे 1929मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ आंद्रोनॉव्हने दाखवलं.

झटक्याचं चित्र सोपं आहे. आडव्या एससारखा वक्र काढा. दोन्ही बाहेरच्या फांद्या वाटेला धरून ठेवतात, मधली हुसकावते. वाट फांदीवरून रेंगाळत वळणाशी येते आणि समोरच्या फांदीवर उडी मारते. फांद्यांचं गणित तिखोनॉव्ह (1952) आणि फेनिकेल (1979) यांनी पक्कं केलं. त्यांची प्रमेयं वळणाशी मात्र तोकडी पडतात, आणि खरी गंमत तिथेच दडली होती.

1981मध्ये बेन्वा, कालो आणि दोघे दिएने यांनी वान डर पोलच्या समीकरणात एक आकडा मिसळला आणि दरवेळी तो थोडा बदलून पाहिला. आकडा 1च्या वर असेपर्यंत सगळं शांत. 1च्या खाली उतरताच इवलंसं चक्र जन्मतं. हे हॉप्फचं बायफर्केशन, म्हणजे आकडा जरा सरकताच चालीचा प्रकारच बदलणं. संथ सरकणं आणि झटका यांच्या वेगांचं गुणोत्तर 0.01 घेतलं, तर 0.99874च्या आसपास हेच चक्र एकदम फुगून पूर्ण मोठं होतं. मधली अवस्था पाहायची तर पुढचे कितीतरी दशांश अचूक धरावे लागतात. तिथे वाट हुसकावणाऱ्या फांदीलाच चिकटून बराच वेळ चालते आणि आकृती थेट बदकासारखी दिसते. म्हणून नाव पडलं ‘कानार’. फ्रेंचमध्ये कानार म्हणजे बदक, आणि थापही. आपल्याला बदकं पाहायची तर हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य गाठायचं. यांना ती कागदावरच सापडली.

त्यांचं साधन होतं अप्रमाण विश्लेषण, म्हणजे अनंतसूक्ष्म संख्यांना खऱ्या संख्या मानून चालणारं गणित, त्यामुळे काहींनी नाकं मुरडली. 1996मध्ये द्युमोर्तिए आणि रुसारी यांनी वळणाचा बिंदूच गणिताने फुगवून, भिंगाखाली धरल्यासारखा, तोच निकाल वेगळ्या वाटेने मिळवला. आज चेतापेशींच्या प्रारूपांतही ही बदकं भेटतात.

हिल्बर्टचा प्रश्न अजून तसाच आहे. द्विघाती समीकरणांत तीनच चक्रं, असा 1955चा दावा होता. 1979-80च्या सुमारास शी सोंगलिंगने चार असलेलं उदाहरण समोर ठेवलं. पाचवं असू शकतं का, हे आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.