गांधीलमाशी व तिचे कागदी घरटे (कोल्हापूर परिसर)

व्हेस्पिडी कुळातील पोलिस्टिस व रोपॅलिडिया या प्रजातींच्या गांधीलमाश्या कागदी घरटी बांधतात. कोल्हापुरात कौलारू घरांची वळचण, जिन्याखालची अडगळ, खिडकीवरचा छज्जा आणि परसातले लिंबाचे झाड या त्यांच्या ठरलेल्या जागा. मातीचे घर करणारी कुंभारीण वेगळी.

माशी रंग न दिलेल्या चौकटीवर किंवा कुंपणाच्या वाळल्या काठीवर बसून जबड्याने लाकडाचे तंतू खरवडते. शांतता असेल तर तो खरखराट ऐकूही येतो, आणि मागे फिकट पट्टा उरतो. तंतू लाळेत मळून झालेली गोळी ती कप्प्याच्या कडेला लावते आणि मागे सरकत पातळ थर ओढत जाते. दर खेपेचे लाकूड निराळे, म्हणून घरट्यावर करड्या-तपकिरी रेघा उमटतात. सगळा डोलारा एका बारीक देठावर लोंबतो. मुंग्यांना दूर ठेवणारा पोटाच्या ग्रंथीतला स्राव माशी त्या देठाला चोपडते. षट्कोनी कप्पे खालून उघडे असतात. पांढरी टोपी दिसली की आत कोष आहे असे समजावे. उन्हाळ्यात माश्या पाण्याचे थेंब आणून घरट्यावर ठेवतात व पंखांनी वारा घालतात.

दक्षिण भारतात रोपॅलिडिया मार्जिनाटा ही जाती वर्षभर नांदते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी तिचा दीर्घ अभ्यास केला. तिची राणी शांत असते. राणी नाहीशी झाली की एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते आणि पुढे तीच राणी बनते.

प्रौढ माश्या मकरंदावर जगतात, गोड रसालाही येतात. पिलांना मात्र मांस लागते. त्यासाठी त्या भाजीवरच्या अळ्या पकडून, चावून गोळा करून नेतात. परसबागेला याहून चांगला राखणदार मिळणे कठीण, त्यामुळे वावराच्या वाटेवर नसलेले घरटे राहू द्यावे. पेटता बोळा लावण्याची रीत तर सोडायलाच हवी: माश्या चवताळतात, कौलाखालचे वासे पेटण्याची भीती असते. दाराजवळचे घरटे जाणकाराकडून काढून घ्यावे.

डंख फक्त मादी मारते. तिची नांगी जखमेत अडकत नाही, त्यामुळे ती पुन्हापुन्हा डसू शकते. जागा साबणाने धुऊन बर्फ लावावा. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, धाप लागली किंवा चक्कर आली, तर घरगुती लेपात वेळ न घालवता ताबडतोब रुग्णालय गाठावे.