नेपरव्हिलच्या शाळांचं नाव एवढं मोठं कसं झालं, थोडी पार्श्वभूमी

शिकागोच्या पश्चिमेला राहणाऱ्या मराठी लोकांत घर घ्यायचा विषय निघाला की बेडरूम किती ते नंतर, आधी प्रश्न येतो "२०३ की २०४?" नेपरव्हिल हे शिकागोपासून साधारण ४५-५० किलोमीटरवरचं उपनगर, आणि तिथल्या सरकारी शाळांचे हे दोन डिस्ट्रिक्ट (म्हणजे जिल्हे नव्हेत, आपापल्या हद्दीतल्या शाळा चालवणारी मंडळं; घर ज्याच्या हद्दीत, शाळा त्याची). आपल्याकडे सरकारी शाळा म्हटलं की पालक नाक मुरडतात आणि तिथे लोक फुकटच्या सरकारी शाळेसाठी महागडं घर घेतात, हे ऐकून इकडच्या नातेवाईकांना गंमत वाटते.

नाव जगभर झालं ते २००१ च्या एप्रिलमध्ये. टिम्स नावाची आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान चाचणी १९९९ ला ३८ देशांतल्या आठवीच्या मुलांची झाली होती, आणि अमेरिकेतल्या १३ राज्यांनी व १४ डिस्ट्रिक्ट-गटांनी जणू आपण वेगळा देश आहोत असं समजून त्यात स्वतंत्र भाग घेतला. डिस्ट्रिक्ट २०३ ला विज्ञानात ५८४ पॉइंट, तैवान ५६९, सिंगापूर ५६८. म्हणजे थेट जगात पहिला नंबर. गणितात ५६९, सिंगापूर, कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि जपान यांच्या मागे सहावा, आणि पूर्ण अमेरिकेची गणिताची सरासरी तेव्हा होती ५०२. चाचणी निवडक मुलांचीच होते, त्यामुळे येणारी सॅम्पलिंगची घट-वाढ धरली तर वरच्या चार-पाच जणांतला फरक फार मानायचं कारण नाही, पण एवढं बारीक कोण बघतो, "वर्ल्ड नंबर वन" एकदा चिकटलं ते चिकटलंच.

आता कुणी म्हणेल की आपलीच पोरं असणार, कोचिंग-बिचिंग लावून केलं असेल. तसं नाहीये हो. २००० च्या जनगणनेत गावात एशियन लोक जेमतेम दहा टक्के होते (२०१० पर्यंत पंधराच्या आसपास गेले). देशी गर्दी शाळांचं नाव ऐकून जास्त करून नंतर आली, त्यामुळे श्रेय घ्यायची घाई नको.

खरी गोष्ट सुरू होते रस्त्यापासून. १९५० च्या दशकाच्या शेवटी ईस्ट-वेस्ट टोलवे (आताचा आय-८८) झाला, १९६० ला गावाची लोकसंख्या होती १२,९३३. मग १९६६ ला बेल लॅब्जचं इंडियन हिल सेंटर आलं (नावातल्या इंडियनचा आपल्याशी संबंध नाही), टेलिफोन एक्स्चेंजची इलेक्ट्रॉनिक स्विचिंग सिस्टिम तिथे बनायची, पाठोपाठ अमोको तेल कंपनीचं रिसर्च सेंटर, शेजारी बटेव्हियाला फर्मिलॅब, तिकडे अरगॉन लॅब (दोन्ही सरकारी संशोधन प्रयोगशाळा), म्हणजे पंचक्रोशीत जिकडे बघावं तिकडे पीएचडी आणि इंजिनियर, आणि या सगळ्यांची पोरं जाणार कुठे तर गावच्याच शाळेत. १९९० ला लोकसंख्या ८५,३५१ आणि २००० ला १,२८,३५८! आधी कणसं डोलायची त्या जमिनीवर घरांची प्लॉटिंग पडत गेली.

दोन्ही डिस्ट्रिक्ट आजच्या रूपात १९७२ चे, आधीचे छोटे छोटे डिस्ट्रिक्ट एकत्र करून केलेले. १९७५ ला २०३ चं नेपरव्हिल नॉर्थ आणि २०४ चं वॉबॉन्सी व्हॅली, दोन हायस्कूलं उघडली, १९९७ ला २०४ ने न्यूक्वा व्हॅली काढलं, २००९ ला मटिया व्हॅली. या शेवटच्या शाळेसाठी लोकांनी मतदानाने पैसे मंजूर केले, पण ठरवलेल्या जागेची किंमत कोर्टात अंदाजाच्या जवळपास दुप्पट निघाली, जागा बदलावी लागली, मग कुठली सोसायटी कुठल्या शाळेत यावरून भांडणं कोर्टापर्यंत गेली. शाळेची हद्द म्हणजे घराची किंमत, मग भांडणार नाहीत तर काय.

कारण इलिनॉयमध्ये शाळेचा बराचसा पैसा येतो त्याच भागातल्या प्रॉपर्टी टॅक्समधून. घरं महाग, टॅक्स भरपूर, शाळा चांगली, म्हणून घरं अजून महाग. हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबत नाही. पण नुसता पैसा म्हणाल तर शिकागोच्या उत्तरेकडचं न्यू ट्रायर हे हायस्कूल डिस्ट्रिक्ट एका मुलामागे नेपरव्हिलपेक्षा कितीतरी जास्त खर्च करतं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो पीटीचा तास. २०३ च्या मॅडिसन ज्युनियर हाय शाळेचे पीटीचे सर फिल लॉलर यांनी १९९० च्या दशकात मुलांना हार्टरेट मॉनिटर लावून पळवायला सुरुवात केली. एक मुलगी मागे रखडत पळत होती, सरांना वाटलं आळशी आहे, मॉनिटर बघितला तर सरासरी ठोके १८७! बिचारी जीव तोडून पळत होती. तेव्हापासून मार्क पहिलं कोण येतं याला नाही तर स्वतःच्या ताकदीनुसार मेहनत किती यावर. २०३ च्याच नेपरव्हिल सेंट्रल हायस्कूलला तिथल्या पीटीचे प्रमुख पॉल झिएंटार्स्की यांनी तेच उचललं, आणि वाचनात मागे असलेल्या मुलांना पहिल्या तासाच्याही आधी व्यायाम द्यायचा "झिरो अवर" सुरू झाला. हार्वर्डच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी २००८ मध्ये यावर लिहिलं आणि लांबलांबून शिक्षक बघायला यायला लागले. यामुळेच टिम्समध्ये पहिले आले असं काही लोक छातीठोक सांगतात, ते मला पटत नाही, झिरो अवर टिम्सनंतरचा आहे. पण इथे लॅब किंवा श्रीमंत पालक लागत नाहीत, कुठल्याही शाळेला जमेल असं हेच एक आहे.

आणि त्याच १९९९ च्या यादीत शिकागो शहराच्या सरकारी शाळाही होत्या, गणितात ४६२. गाडीने तासाभराचं अंतर, राज्य एकच, आणि मध्ये १०७ पॉइंट. हे बदलायला राज्याने २०१७ ला नवीन फंडिंग कायदा केला: कुणाचा आधीचा वाटा कापायचा नाही, पण दरवर्षी साधारण ३५ कोटी डॉलर नवीन टाकायचे आणि ते आधी गरीब डिस्ट्रिक्टला द्यायचे. कोविडच्या २०२०-२१ च्या बजेटमध्ये ती वाढच मिळाली नाही, पुढच्या वर्षी परत सुरू झाली.