मध्यवयातील व्यवसायांतर

साधारणपणे पस्तिशी ते पंचावन्न या वयात, जम बसलेली नोकरी किंवा व्यवसाय सोडून अधिक समाधान देणाऱ्या निराळ्या कामाकडे वळणे, यास मध्यवयातील व्यवसायांतर म्हणतात. त्याच क्षेत्रातील दुसरी नोकरी किंवा बढती यात मोडत नाही. हा बदल स्वेच्छेचा मानला जात असला, तरी इच्छा आणि सक्ती यांची सरमिसळ बरीच असते. पॉल गोगँने शेअर दलालीकडून चित्रकलेकडे मोर्चा वळवला, त्यामागे कलेच्या ओढीबरोबरच १८८२ मधील पॅरिस शेअर बाजाराची पडझडही होती. आणि त्याची झळ पत्नी व मुलांना सोसावी लागली, हे त्याचे कौतुक करताना सहसा सांगितले जात नाही.

मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या व्यवसायविकासाच्या टप्प्यांत पंचेचाळिशीनंतरचा काळ मिळवलेले स्थान टिकवण्याचा मानला होता. त्याच टप्प्यावर माणसे नव्याने श्रीगणेशा का करतात, याचे एक उत्तर मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांच्या १९६५ च्या निबंधात सापडते : उरलेले आयुष्य मोजके आहे, ही जाणीव मध्यवयात प्रथमच खरी वाटू लागते. मानसशास्त्रज्ञ एमी रेझनेस्की व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कामाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी सांगितल्या : पोटापाण्याचे साधन, प्रगतीची शिडी आणि अंतरीची हाक. व्यवसायांतर करणारा बहुधा पहिल्या दोहोंकडून तिसरीकडे निघालेला असतो.

यातील मुख्य अडचण पैशाची समजली जाते, आणि कर्जाचे हप्ते, मुलांचे शिक्षण व घटलेले उत्पन्न पाहता ती खोटी नाही. ओळख पुसली जाण्याची अडचण मात्र अनेकांना अधिक बोचते. वीस वर्षे हिशेबतपासनीस म्हणून सही करणारा माणूस परिचारकाचे शिक्षण घेऊ लागला, की रक्तदाब मोजताना पट्टा दंडावर नेमका कोठे बांधायचा, हे त्याला निम्म्या वयाच्या मुलीला विचारावे लागते. शिवाय ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी’ लागल्याचा शेरा घरातूनच येतो. आजवर घातलेली वर्षे वाया जातील, ही भीतीही त्यात असते, परंतु ती पुष्कळदा अनाठायी ठरते. सुमारे वीस वर्षे समुद्रावर काढून जोसेफ कॉनरॅडने १८९४ मध्ये खलाशी जीवन सोडले आणि पुढच्याच वर्षी त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याच्या लेखनाला पुढेही त्याच समुद्राने सामग्री पुरवली.

हा बदल एका झटक्यात होतो, हा समज फारसा खरा नाही. व्यवसायांतराच्या अभ्यासक हर्मिनिया इबारा यांच्या मते माणूस आधी मनाशी पक्के ठरवून मग कृती करत नाही, तर लहान प्रयोग करत, नव्या लोकांत मिसळत आपल्याला काय हवे ते शोधत जातो. सुटीच्या दिवशी केलेली उमेदवारी, संध्याकाळचे वर्ग, पहिले छोटे काम अशी ही वाट असते, आणि जुन्या नोकरीचा राजीनामा तिच्या अखेरीस येतो. काहींच्या बाबतीत तो येतच नाही : आहे त्याच नोकरीत कामाची मांडणी बदलून त्यांना हवे ते समाधान मिळते.