प्रयोगाला म्हातारा उंदीर आणायचा कुठून?

म्हातारपणी मेंदू मंदावतो त्यावरचं औषध आधी प्राण्यांवर तपासायचं, हे ऐकायला सोपं आहे, पण त्यासाठी म्हातारा प्राणी लागतो ना! उंदीर जगतो साधारण दोन-तीन वर्षं, म्हणजे प्रयोग सुरू व्हायच्या आधीच दोन वर्षं त्याला नुसतं पोसायचं आणि त्यातही काही मधेच मरणार. मग शॉर्टकट निघाला.

१९७४ साली ड्राखमन आणि लेव्हिट यांनी तरुण माणसांना स्कोपोलामाइन दिलं, हे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीनचं काम अडवतं, तर त्यांची स्मरणशक्ती म्हाताऱ्या माणसांसारखी लडखडली. झालं, तरुण उंदराला तेच टोचा आणि कुठल्या औषधाने त्याला परत आठवायला लागतं ते बघा. १९८२ मध्ये बार्टस वगैरेंनी अ‍ॅसिटिलकोलीनची यंत्रणा बिघडणं हे म्हातारपणच्या विसरण्याचं कारण असावं, ही बाजू नीट मांडली, पुढे अमेरिकेत १९९३ ला टॅक्रिन आणि १९९६ ला डोनेपेझिल ही अल्झायमर या विसरण्याच्या आजारावरची औषधं मंजूर झाली ती याच विचारातून. लक्षणांना थोडा आधार मिळतो, आजार थांबत नाही. आणि माझ्या मते ते साहजिकच होतं, कारण त्या उंदरांचा मेंदू म्हातारा नव्हताच, तात्पुरता बंद पाडलेला होता.

उंदराला आठवतंय का हे कळायचं कसं, तर १९८१ मध्ये रिचर्ड मॉरिस यांनी गोल टाकीत गढूळ पांढरं पाणी भरलं, पाण्याखाली एक छोटा ओटा लपवला आणि उंदराला सोडलं पोहायला. रोज ओटा लवकर सापडला म्हणजे जागा लक्षात राहिली. पण म्हातारा उंदीर पोहतो हळू, दिसतंही कमी, म्हणून ओटा उघडा ठेवूनही चाचणी घ्यावी लागते, नाहीतर अधू डोळ्यांना विसरभोळेपणा समजायचे :)

१९९५ पासून जीन बदललेले उंदीर आले, मेंदूत अमायलॉइडचे, म्हणजे अल्झायमरमध्ये साठणाऱ्या प्रथिनाचे, थर धरणारे. १९९९ मध्ये एका लसीने त्यांच्यातले थर कमी झाले, सगळे खूश, माणसांवर ट्रायल सुरू झाली आणि २००२ मध्ये थांबवावी लागली, लस घेतलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के लोकांच्या मेंदूला सूज आली होती.

कुत्र्यांचं मात्र वेगळं आहे. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मेंदूत अमायलॉइड आपोआप साठतं, तेही माणसासारखंच, आणि काही कुत्रे घरातल्या घरात वाट चुकतात, रात्रभर जागतात. त्यांच्या या त्रासासाठी सेलेजिलीन या औषधाला अमेरिकेत १९९८ मध्ये मंजुरीही मिळाली. फक्त कुत्रा म्हातारा व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, म्हणजे परत वाट बघणं आलंच.