कोणत्या मापाने मोठे?

एप्रिलच्या पहाटे तुर्भ्याच्या फळबाजारात हापूसच्या गाड्या खाली होत असतात. माथाडी कामगार गाडीच्या फाळक्याशी जाऊन पेट्या डोक्यावर घेतो, गाळ्यात नेऊन उतरवतो आणि पुढच्या खेपेसाठी परत वळतो. त्याने उतरवलेल्या पेट्यांपैकी काही पुढे दुबईला किंवा लंडनला जातात, त्यामुळे आंब्याच्या भावावर परदेशातल्या मागणीची छाया पडलेली असते. हमालीचा दर मात्र इथल्या इथेच ठरतो, कारण पेटी उचलण्याचे काम विमानात चढवून लंडनला विकता येत नाही. जगातल्या बड्या अर्थव्यवस्था कोणत्या, या प्रश्नाचे अर्धे उत्तर आंब्याचा भाव आणि हमालीचा दर यांच्यातील या फरकात दडलेले आहे. उरलेले अर्धे उत्तर राजकारणाचे आहे, आणि ही दोन उत्तरे एकमेकांत मिसळल्यामुळेच क्रमवारीच्या बातम्या वाचताना गोंधळ उडतो.

देशाच्या हद्दीत वर्षभरात तयार झालेल्या अंतिम वस्तू आणि सेवांचे एकत्रित मूल्य म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन, अर्थात जीडीपी. भारताचे हे मूल्य रुपयांत निघते आणि जपानचे येनमध्ये, म्हणून तुलनेसाठी दोन्ही डॉलरमध्ये आणावी लागतात. बाजारातल्या विनिमय दराने भागाकार करणे हा त्याचा सोपा मार्ग होय. परंतु हा दर सीमा ओलांडणाऱ्या वस्तू, भांडवल आणि कर्ज यांच्या देवघेवीतून ठरतो. माथाड्याची हमाली किंवा वाशी स्थानकापासून बाजारापर्यंतच्या रिक्षाचे भाडे त्यात कुठेच येत नाही. श्रीमंत देशात कारखान्यांची उत्पादकता जास्त असल्याने तिथली मजुरी वाढते आणि तिच्याबरोबर हमालाची आणि न्हाव्याचीही मजुरी वर चढते, जरी त्यांचे काम आपल्याकडच्या हमाल-न्हाव्यांइतकेच असले तरी. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे हे स्पष्टीकरण मांडले. गरीब देशांत सेवा स्वस्त असतात, आणि विनिमय दराने मोजले की त्या देशांचे उत्पादन प्रत्यक्षाहून लहान दिसते, ते यामुळे.

यावरचा उपाय म्हणजे क्रयशक्ती समानता, अर्थात सारख्याच वस्तू-सेवा घ्यायला प्रत्येक देशात किती पैसे लागतात यावरून चलनांची तुलना. संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी १९६८ मध्ये सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमात निरनिराळ्या देशांतील सारख्या वस्तू-सेवांचे भाव गोळा केले जातात: तांदूळ, घरभाडे, औषधे, बांधकाम, शाळेतले शिक्षण. हे काम अतिशय कष्टाचे आहे. ‘एक किलो तांदूळ’ म्हटले की कोणता तांदूळ, सुटा की पिशवीबंद, हे प्रत्येक देशात जुळवून घ्यावे लागते, आणि ते नीट जुळले नाही तर पुढचे सारे गणितच चुकते. या कार्यक्रमाच्या २०१७ च्या फेरीत डॉलरचा बाजारातील दर ६५.१२ रुपये होता. क्रयशक्तीच्या हिशेबाने मात्र एका डॉलरची बरोबरी २०.६५ रुपयांशी झाली. म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला मिळणारे सामान आणि सेवा आपल्याकडे सरासरीने साधारण साडेवीस रुपयांत मिळत होत्या. या मापाने जागतिक उत्पादनातील भारताचा वाटा ६.७ टक्के भरला आणि चीन व अमेरिकेपाठोपाठ भारत तिसरा ठरला.

मग खरे माप कोणते? माझ्या मते प्रश्न बदलला की मापही बदलले पाहिजे. तुर्भ्यातल्या कामगाराच्या घरात काय शिजते आणि त्याचे भाडे कसे भागते हे जाणून घ्यायचे असेल, तर क्रयशक्तीचे माप योग्य आहे. न्हावा-शेवा बंदरात उतरणाऱ्या जर्मन यंत्राचे पैसे चुकते करायचे असतील, तर तिथे साडेवीस रुपयांचा डॉलर कोणी स्वीकारत नाही. तिथे बाजारदरच चालतो. एका वाक्यात एक माप आणि पुढच्या वाक्यात दुसरे माप वापरून देशाची बढती जाहीर करणे ही वाचकाची फसवणूक आहे.

आकारमान आणि श्रीमंती या गोष्टीही वेगळ्या आहेत. बाजारदराने २०२४ मध्ये भारताचे एकूण उत्पादन चार लाख कोटी डॉलरच्या जवळ पोहोचले, म्हणजे इटलीच्या दीडपटीहून अधिक; दरडोई उत्पादन मात्र इटलीच्या साधारण पंधराव्या हिश्श्याइतके आहे. जागतिक बँक देशांचे गट पाडताना दरडोई राष्ट्रीय उत्पन्नच पाहते, आणि विनिमय दरातील चढउतारांनी निकाल हेलकावू नये म्हणून तीन वर्षांची सरासरी घेते. तिच्या २०२४-२५ च्या वर्गवारीत १४,००५ डॉलरच्या वरचा देश उच्च उत्पन्नाचा होता, तर १,१४६ ते ४,५१५ डॉलरच्या मधला देश निम्न-मध्यम उत्पन्नाचा. भारत या दुसऱ्या गटात आहे. ही रेषा आकड्यांनी ठरते. ती ओलांडण्यासाठी कोणाच्या आमंत्रणाची गरज नसते.

जी-७, ब्रिक्स आणि जी-२० या देशांच्या गटांचे मात्र तसे नाही. मार्च १९७३ मध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांचे अर्थमंत्री व्हाइट हाउसच्या ग्रंथालयात एकत्र बसले आणि त्या अनौपचारिक बैठकीतून पुढचे सारे वाढत गेले. १९७५ मध्ये फ्रान्समधील रॅम्बुइए येथे जपान आणि इटलीसह सहा देशांचे प्रमुख भेटले, पुढच्या वर्षी कॅनडा आला आणि सातांचा गट, म्हणजे जी-७, झाला. अमुक उत्पादन झाले की प्रवेश, असा नियम कधीच नव्हता. १९९८ मध्ये रशिया पूर्ण सदस्य होऊन आठांचा गट झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रशियाने आपली देणी थकवली. त्याचे सदस्यत्व मात्र २०१४ मध्ये क्रिमियाच्या प्रश्नावरून स्थगित झाले. ‘ब्रिक’ (ब्राझील, रशिया, भारत आणि चीन; पुढे दक्षिण आफ्रिकेसह ब्रिक्स) हे नाव तर २००१ मध्ये गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेचे जिम ओनील यांनी एका संशोधन टिपणात वापरले होते आणि त्या देशांचे नेते पहिल्या शिखर परिषदेसाठी २००९ मध्ये रशियातील येकातेरिनबुर्गला जमले.

जी-२० चा जन्म आशियाई आर्थिक संकटानंतर झाला. थायलंडपासून सुरू झालेली पडझड सात श्रीमंत देशांना आपापसात बसून आवरता येणार नव्हती, हे १९९८ पर्यंत उघड झाले होते. डिसेंबर १९९९ मध्ये बर्लिनला पहिली बैठक झाली. आकारमान आणि जागतिक वित्तव्यवस्थेतील महत्त्व यांबरोबरच सर्व खंडांना प्रतिनिधित्व मिळावे, हाही निवडीमागचा विचार होता. म्हणून एकोणीस देश आणि युरोपीय संघ अशी रचना झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या परिषदेत आफ्रिकी संघ आत आला, आणि नाव वीसांचे राहूनही सदस्य एकवीस झाले. स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्स आजही बाहेर आहेत. स्पेनची अर्थव्यवस्था तर अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिका या दोन्ही सदस्यांपेक्षा मोठी आहे. तरी परिषदांना तो कायमचा पाहुणा म्हणून येतो आणि पाहुण्याच्याच खुर्चीवर बसतो.