सुटकेचा पंधरवडा

नाशिकमध्ये 'जेलरोड' हा राहण्याचा पत्ता आहे. तिथे फ्लॅट बुक होतात, क्लास चालतात, भाजी मिळते. तुरुंगाच्या भिंतीपलीकडे काय चाललंय हे रोज तिथून जाणाऱ्याच्याही मनात येत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पदार्थाचा, कारखाना पकडला गेला आणि शहरभर हाच विषय झाला. त्या गप्पांतलं एक वाक्य इतक्या वेळा कानावर आलं की शेवटी हे लिहायला बसलो : "पोराला सहा महिने आत राहू द्या. काही मिळणार नाही, व्यसन आपोआप सुटेल."

काही मिळत नाही, हे तर खरं नाहीच. चेंडूत कोंबून भिंतीवरून फेकलेल्या गांजाच्या बातम्या आपण वाचतोच. पण समजा, खरंच काही मिळालं नाही. सहा महिन्यांत अंगावर मांस चढलं, भेटीला आलेल्या आईला बरं वाटलं. पोरगा गर्द, हेरॉइन किंवा कोडीनच्या (खोकल्याच्या औषधाच्या) बाटल्या, म्हणजे अफूच्या खानदानातलं काही घेणारा असेल, तर त्याच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा काळ सुटल्यावर सुरू होतो.

का, ते पेशीत शिरल्याशिवाय कळत नाही. मला या सगळ्यात आवडतो तो हाच भाग, तेव्हा थोडं सहन करा.

हेरॉइनचं शरीरात मॉर्फिन होतं आणि ते चेतापेशीवरच्या 'म्यू' नावाच्या ग्राहीवर, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसतं. हा ग्राही पेशीच्या आतलं सायक्लिक एएमपी नावाचं रसायन कमी करतो आणि पेशी थंडावते. रोज कुणी असं थंडावत राहिलं तर पेशी काय करते? रस्सीखेच आठवा. मॉर्फिन एका बाजूने ओढतंय म्हटल्यावर पेशी दुसऱ्या बाजूला माणसं वाढवते. सायक्लिक एएमपी बनवणारं विकर (एन्झाइम), अ‍ॅडेनिलिल सायक्लेज, जास्त तयार करते, शिवाय काही ग्राही बधिर करून ठेवते. दोर पुन्हा मध्यावर येतो. म्हणून जुन्या गर्दुल्ल्याला कालची पुडी आज पुरत नाही. नशा अचानक बंद झाली की समोरचा दोर सोडतो आणि वाढवलेली सगळी माणसं धाडकन उताणी पडतात. नाक गळतं, जुलाब लागतात, हाडं ठणकतात. व्यसनमुक्ती केंद्रांत यालाच टर्की म्हणतात.

तुरुंगात टर्की निघून जाते. हळूहळू पेशी ती जादा माणसंही घरी पाठवते. सुटून आलेला माणूस जुनी पुडी जुन्याच मापाने घेतो, तेव्हा या बाजूला दोर धरायला कुणीच नसतं.

आणि दोर असतो श्वासाचा. मेंदूच्या देठात काही हजार पेशींचा एक पुंजका आपल्या श्वासाचा ताल धरतो. त्याचं नाव प्री-बोट्झिंगर संकुल. (नाशिककरांना आवडेल अशी गंमत : बोट्झिंगर हे नाव जर्मनीतल्या एका परिषदेत टेबलावर असलेल्या वाइनच्या बाटलीवरून आलं.) या पुंजक्यावरही म्यू ग्राही असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास घ्यायची जी निकड लागते, तीही मॉर्फिनने बोथट होते. माणूस तडफडत नाही, श्वास घ्यायचा विसरतो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या 30,237 जणांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका त्यांना सामान्य रहिवाशांच्या 129 पट होता.

पण सहा महिने कोरडा राहिलेला माणूस पुन्हा घेतोच का? केंटकीतल्या लेक्सिंग्टनला 1935 मध्ये व्यसनी कैद्यांसाठी तुरुंग-रुग्णालय सुरू झालं. तिथल्या अब्राहम विकलर या डॉक्टरांच्या लक्षात आलं की महिनोन्‌महिने कोरडे असलेले लोक गटात नशेविषयी बोलायला लागले की जांभया देतात, त्यांची नाकं गळू लागतात. नुसत्या आठवणीने टर्की! शरीराने नशेची सांगड जागेशी, माणसांशी घातलेली असते. बॅरेकमध्ये तो चौक नसतो, ते मित्र नसतात, म्हणून सगळं शांत. रिक्षा जुन्या चौकात वळली की शांतता संपली. याला मनाचा दुबळेपणा म्हणणाऱ्यांनी चिंच बघून तोंडाला पाणी सुटणं आधी थांबवून दाखवावं.

उपाय त्या रस्सीखेचीतूनच निघतो. ब्युप्रेनॉर्फिन नावाचं औषध म्यू ग्राहीवर बसतं, पण अर्धवटच ओढतं, आणि इतकं घट्ट बसतं की हेरॉइनला जागा मिळत नाही. इंग्लंडमधल्या 39 तुरुंगांतून सुटलेल्या लोकांचा अभ्यास 2017 मध्ये आला. सुटताना ज्यांचे असे उपचार चालू होते, त्यांचे पहिल्या चार आठवड्यांतले मृत्यू इतरांपेक्षा 75 टक्क्यांनी कमी होते. दिल्लीच्या तिहारमध्ये हे औषध 2008 पासून दिलं जाऊ लागलं, म्हणजे आपल्याकडे हे नवलाचं नाही. "नशेला नशाच देता काय?" असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो, मधुमेह्याचं इन्सुलिन कधी बंद करताय? एसटी स्टँडच्या भिंतींवरच्या 'रुग्णाला न सांगता व्यसन सोडवा' छाप चूर्णांना मात्र असा प्रश्न कुणी विचारत नाही.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. देशातले सुमारे तीन चतुर्थांश बंदी कच्चे कैदी आहेत. जामिनाचा आदेश संध्याकाळी येतो आणि माणूस बाहेर पडतो. समुपदेशकाला कळेपर्यंत तो घरी पोचलेला असतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनालाही आजारात धरलं आहे आणि प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहात मानसोपचाराची सोय असावी असं म्हटलं आहे. पण फाटकाबाहेरच्या त्या पंधरवड्याची जबाबदारी कुणाची?

शिंदे गावच्या एमडीला यातलं काही लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. ते उत्तेजक आहे, म्यू ग्राहीशी त्याचं देणंघेणं नाही आणि त्याला ब्युप्रेनॉर्फिनसारखा पर्यायही नाही. तिथे समुपदेशन आणि माणसांचा आधार हाच उपचार. मालेगावात कुत्ता गोळी म्हणतात ती अल्प्राझोलम तिसऱ्याच जातीची. ती एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच कमी करायची. आणि गर्दवर ही गोळी घेतली तर श्वासावर दुहेरी दाब पडतो.

घरच्यांसाठी एक शेवटचं. सुटून आलेला मुलगा पहिल्या रात्री घोरतोय, गुरगुरल्यासारखा मोठ्याने, आणि हाक मारून, हलवून उठत नाही. ओठ निळसर दिसतायत. "दमलाय, झोपू दे" असं म्हणून दिवा मालवू नका. ती झोप नसते. त्याला कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, आणि त्याने काय घेतलं असेल ते न लपवता सांगा. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन मॉर्फिनला ग्राहीवरून ढकलून देतं आणि काही मिनिटांत श्वास परत येतो. त्याचा असर मात्र तास-दीड तासातच ओसरतो, हेरॉइन कधीकधी त्याहून जास्त टिकतं. म्हणून पोरगा उठून बसला, चहा मागायला लागला, तरी त्याला लगेच घरी आणायचं नाही.