पीके झालं की सीके?

रोलप्ले सर्व्हरवर, म्हणजे जिथे खेळाडू ऑनलाइन एकेका पात्राचं (कॅरेक्टरचं) आयुष्य जगतात तिथे, नवा आलेला गडी पहिल्यांदा गोळी खाऊन पडला की हमखास विचारतो, "म्हणजे माझं कॅरेक्टर गेलं?" बहुतेक वेळा गेलेलं नसतं. झालेला असतो पीके (प्लेअर किल), आणि त्याने धसका घेतलेला असतो सीकेचा (कॅरेक्टर किल).

मुळात 'पीके' या शब्दाचाच घोळ आहे. जुन्या एमएमओवाल्यांच्या, म्हणजे असंख्य खेळाडू एकाच जगात असणारे ऑनलाइन खेळ खेळणाऱ्यांच्या, लेखी पीके म्हणजे 'प्लेअर किलर', दिसेल त्या खेळाडूला मारत सुटलेला माणूस. १९९७ साली आलेल्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये अशांनी एवढा उच्छाद मांडला की २००० साली त्या खेळाचं जगच दोन करावं लागलं. फेलुकात जुनी मारामारी तशीच राहिली, ट्रॅमेलमध्ये संमतीशिवाय दुसऱ्या खेळाडूवर हात टाकता येईना. जीटीए या गुन्हेगारी जगतावरच्या खेळाच्या रोलप्लेत मात्र पीके ही व्यक्ती नव्हे, घटना आहे. तुमचं कॅरेक्टर हरलं, इस्पितळात जागं झालं आणि त्या चकमकीपर्यंतचं सगळं विसरलं. सीके म्हणजे कॅरेक्टर कायमचं संपलं. नाव, पैसा, गाड्या, नातीगोती, सगळं त्याच्याबरोबर गेलं.

बारीकसारीक नियम सर्व्हरागणिक बदलतात. पण माझ्या मते भांडणं होतात ती पीकेवरूनच, कारण विसरणं हे मरण्यापेक्षा अवघड काम आहे. समजा, तुम्ही एका टोळीच्या गोदामात डोकावलात. त्यांनी धरलं, गाडीत कोंबलं, नदीकाठी नेऊन गोळी घातली. खुर्चीत बसलेल्या तुम्हाला गोदाम कुठे आहे, ट्रिगर कोणी ओढला, सगळं ठाऊक आहे. कॅरेक्टरला यातलं काही ठाऊक नाही. आणि तुम्ही दहा मिनिटांत चार दोस्त घेऊन थेट त्याच गोदामावर! याला मेटागेमिंग म्हणतात, आणि सर्व्हर चालवणारे अ‍ॅडमिन त्यावर दयामाया दाखवत नाहीत. टोळीने खून केला तो गुपित राखायला. तुम्ही विसरलाच नाहीत तर तिच्या हाती उरलं काय? (डॉक्टरने जागच्या जागी उठवलं तर तो बऱ्याच ठिकाणी पीके धरत नाहीत. ती नुसती जखम, आठवण शाबूत.)

सीकेत ओझं फिरतं, ते मारणाऱ्याच्या खांद्यावर येतं. "त्याने मला शिवी दिली" एवढ्यावर कोणाचं महिनोन्महिने जपलेलं कॅरेक्टर संपवता येत नाही. बहुतेक ठिकाणी समोरच्याची संमती तरी लागते, नाहीतर आधीच्या वैराचा तपशील मांडून अ‍ॅडमिनची परवानगी. परवानगी मिळाली तरी घाई करायची नसते. समोरचा खुर्चीला बांधलेला आहे आणि तुम्ही चॅटमध्ये लिहिता, "गळा चिरतो." ही पॉवरगेमिंग झाली, कारण त्याच्या वाट्याचा निकालही तुम्हीच लिहून टाकलात. "चाकू गळ्याला लावतो" असं लिहा आणि थांबा. तो गयावया करेल, थुंकेल, एखादं नाव ओकेल. शेवटचं वाक्य त्याचं असू द्या.

हरणाऱ्यालाही पथ्यं आहेतच. डोक्याला पिस्तूल लागलं की हात वर करायचे, तिथे मर्दुमकी गाजवायची नाही. मरण दिसताच खेळ बंद करून पळणं, म्हणजे कॉम्बॅट लॉगिंग, हा तर रडीचा डाव.

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या खेळात हाच फरक खेळाच्या रचनेत बसवलेला आहे. जहाज फुटलं तरी वैमानिक कॅप्सूलमध्ये जिवंत असतो. ती कॅप्सूल फोडायला वेगळी गोळी झाडावी लागते. फुटली तर तो नव्या क्लोनमध्ये, म्हणजे राखीव शरीरात, जागा होतो, पण अंगात बसवलेले, क्षमता वाढवणारे महागडे इम्प्लांट जातात. म्हणजे जहाज पाडलं तेव्हाच लढाई जिंकली होती, पुढचं पाऊल तुम्ही जाणूनबुजून टाकलंत.

सीके झाल्यावरची एक खोड मात्र सगळीकडे सापडते. गेलेल्या कॅरेक्टरचा जुळा भाऊ आठवड्याभरात शहरात उगवतो, आणि पहिल्याच दिवशी त्याला त्या गोदामाचा पत्ता तोंडपाठ असतो.